चोख बसवलेली पिन

पिंपरी पेंढार
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय भागू,

रामराम. तुझ्या कानातलं यंत्र अजून शिट्ट्या मारतंय असं तुझी लेक सांगत होती, म्हणून फोनच्या नादाला न लागता लिहायला बसलो. तसाही तू चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. तुला कागदावरचंच खरं वाटतं.

बातमी चांगली नाही. वीस तारखेला माझी ठमाबाई आणि पोरगा अमृत मोटारसायकलवरून पडले. ठमाच्या बहिणीकडे, सोनीबाईकडे ओतूरला गेले होते, दुपारी परत येताना उतारावर हे झालं. अमृतचं खरचटण्यावर भागलं. ठमाचा उजवा हात मनगटाच्या वर दोन जागी मोडला. ऑपरेशन करून आत पट्टी घातली आहे. बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात वळेल. ती म्हणते, भाकरी थापता आली की मग मी वळली म्हणीन.

कसं झालं ते सांगतो. मागच्या चाकात ब्रेकची थाळी असते, ती फिरू नये म्हणून एका लोखंडी पट्टीने धरून ठेवलेली असते. पट्टीचा नट सुटू नये म्हणून त्यातून एक पिन घालून तिचे दोन्ही पाय वळवतात. ती पिन जागेवर नव्हती. नट गळून गेला, अमृतने ब्रेक दाबला, थाळी चाकाबरोबर फिरली आणि चाक जागच्या जागी जाम झालं.

आता जड जाणारी गोष्ट लिहितो. त्या ब्रेकचं काम जुलैमध्ये तुझ्या पुतण्याने, कपिलने केलं होतं. दवाखान्यात अमृतने विचारलं तेव्हा मी तेवढंच सांगितलं. आमचं पोरगं तापट. दुसऱ्या दिवशी स्टँडवर कपिलच्या गॅरेजपुढे जाऊन चार माणसांत नको नको ते बोललं. मी तिथे असतो तर बोलू दिलं नसतं. पोलिसात वगैरे जायचं नाही, असं मी त्याला बजावलं आहे. तरण्या पोरांच्या हातून होतं एखाद्या वेळी. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू म्हणशील, दरवर्षी खंडेनवमीला गाडी तू स्वतः धुतोस, तुला कसं दिसलं नाही? अरे, माझं धुणं वरवरचं. यंदा बाजूचं कव्हर काढायला गेलो. तीन रबरी बुचांत त्याचे दांडे बसलेले असतात. दोन निघाले, तिसरा हट्टाला पेटला. गुडघा लावून ओढला तर कव्हर माझ्या हातात आणि दांडा बुचातच. ठमा हसून हसून दमली. आता कव्हर सुतळीने बांधलं आहे. त्यापुढे मी काही खोललं नाही.

दिवाळीनंतर येणार असशील तर कळव.

तुझा,
चांगदेव

पेठ
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय चांगदेव,

जय भीम. पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. ठमावहिनींच्या हातची भाकरी मी पोस्टात लागायच्या आधीपासून खातो आहे. लग्न होऊन ती नवी नवी आली तेव्हा तिने मला चुलीपाशी ताट वाढलं होतं, बाहेर नाही. तुझ्या आईला ते आवडलं नव्हतं. मी कधी विसरलो नाही. त्या हाताला माझ्या घरच्या पोरामुळे लागावं, याची लाज कुठे ठेवू?

कपिलला बोलावून घेतलं. तो कानाशी तोंड आणून म्हणाला, "काका, पिन मी नवीन घातली व्हती. दोन्ही पाय वळवून पकडीनं दाबले व्हते. त्ये आपोआप निघायचं काम न्हाई. मला एकदा गाडी दाखवा म्हनावं." अमृतने गाडीजवळ फिरकू दिलं नाही, असंही सांगत होता.

मी त्याला म्हणालो, चांगदेवला मी पहिलीपासून ओळखतो, तो खोटं लिहिणार नाही. काम करताना तुझं लक्ष नसेल. पावसाळ्यात तुझ्याकडे गाड्यांची रांग असते, राहिलं असेल. चूक झाली तर झाली म्हणावं, त्याने माणूस लहान होत नाही. या आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि वहिनींच्या पायावर डोकं ठेव.

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी म्हनता म्हनून जातो." बाप नाही त्याला, माझा शब्द तो मोडत नाही.

तू एवढं होऊनही मोठ्या मनाने लिहिलंस. दुसरा कोणी असता तर गॅरेज पेटवलं असतं. तुझे उपकार आहेत.

तुझा,
भागुजी

पिंपरी पेंढार
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय भागू,

रामराम. उपकार वगैरे शब्द माझ्यासाठी वापरत जाऊ नकोस. मला ते सोसत नाहीत.

कपिल येऊन गेला. सकाळी नऊच्या सुमाराला. चपला पायरीखाली काढल्या, आत आला, ठमा पलंगावर बसली होती, तिच्या पायाशी वाकला. ती म्हणाली, "आसू दे पोरा, आसू दे." अमृत खुर्चीतून उठला नाही. आमच्या सूनबाईने, आरतीने चहा टाकला, पण तो थांबला नाही.

जाताना अंगणात मला म्हणाला, "तात्या, गाडी कुठंय? फक्त बोल्ट बघतो." मी म्हणालो, गाडी ओतूरला दिली आहे. त्याने मान हलवली आणि गेला.

पोरगा चांगला आहे. तू त्याला एवढं बोलायला नको होतंस. वाकायला लावायचीही गरज नव्हती, मी तसं काही मागितलं नव्हतं. मी तर तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की मनाला लावून घेऊ नकोस.

यंदा टोमॅटो बरा आहे. बाकी ठीक.

चांगदेव

पेठ
१ डिसेंबर २०२४

प्रिय चांगदेव,

जय भीम. तुझं मागचं पत्र फार त्रोटक होतं. रागावलास काय?

इकडची हकिकत अशी. कपिलने गॅरेज बंद केलं. गिऱ्हाईक राहिलं नाही. तुमच्या गावच्या कुंडलिकची बुलेट तीन वर्षं त्याच्याकडे यायची, तो आळेफाट्याला न्यायला लागला. दूधवाल्यांच्या गाड्या गेल्या. कुणी तोंडावर काही म्हणत नाही, समोरून गाडी हळू करतात, हात करतात आणि पुढे जातात. शेवटी दोन आठवडे तो शटर उघडून नुसता बसला. आता चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागला आहे. दिवसभर एकाच जागी उभं राहून एकच नट आवळायचा. एवढा हातात गुण असलेला पोरगा.

त्याची आई, आमची जानकाबाई, माझ्याशी बोलत नाही. मी गेलो की आत जाते.

एक विचारायचं होतं. कपिल दर वेळी एकच गोष्ट घोकतो. तो म्हणतो, पिन तुटली असेल तर तिचा तुकडा बोल्टच्या भोकात अडकलेला असणार, आणि निघाली असेल तर कुणीतरी काढल्याशिवाय निघत नाही. मला यातलं काही कळत नाही. ओतूरच्या मेकॅनिकला विचारून तेवढं कळवशील? पोराच्या मनाची तगमग तरी थांबेल. चूक त्याचीच निघाली तरी चालेल.

भागुजी

पेठ
३ जानेवारी २०२५

(पोस्टकार्ड)

चांगदेव,
महिना झाला, उत्तर नाही. वहिनींचा हात कसा आहे? तुझी तब्येत बरी आहे ना? दोन ओळी टाक. काळजी वाटते.
भागुजी

पिंपरी पेंढार
९ जानेवारी २०२५

भागू,

तुझं पोस्टकार्ड आरतीने वाचलं आणि मला विचारलं, "तात्या, भागूकाकांना उत्तर का देत नाही?" मी म्हणालो, वेळ झाला नाही. वेळ रगड होता. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद चुलीत घातला. हा चौथा.

गाडी ओतूरला कधी गेलीच नव्हती. त्या दिवशी कपिलने विचारलं तेव्हा ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली होती, त्याच्यापासून वीस पावलांवर.

कपिलने पिन घातली होती. नवीन घातली होती. मी काढली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कव्हर काढताना दांडा मोडला, ते तुला मजेने लिहिलं. त्याच्यापुढे काही खोललं नाही, असंही लिहिलं. खोललं होतं. कव्हर मोडलं तेव्हा ठमा हसली, अमृतही हसला. म्हणाला, "तात्या, कपिलकडं टाका की गाडी. तुमचं काम न्हाई ते." मला ते लागलं. विहिरीवरचं इंजिन मी तीस वर्षं खोलून बसवलं, आणि आता गाडीचं एक चाक मला जमणार नाही? ते दोघे आत गेले आणि मी मागचं चाक काढायला घेतलं. ब्रेक साफ करून, ग्रीस लावून सगळ्यांना दाखवायचं ठरवलं.

बाकी सगळं सुटलं. ती पिन निघेना. कपिलने तिचे पाय बोल्टला असे घट्ट वळवले होते की पकडीचं टोक खाली शिरत नव्हतं. रॉकेल सोडलं, तासभर वाट पाहिली. मोबाईलवर एक माणूस दाखवत होता, एक पाय सरळ करायचा आणि डोक्याकडून ओढायचं. त्याची दोन मिनिटांत निघाली. मी पाय सरळ करायला गेलो तर तो मोडला. मग हातोडीने खिळा ठोकून ठोकून उरलेली बाहेर काढली. बोटं सोलली. तोपर्यंत मी कपिलला मनात किती शिव्या दिल्या असतील. म्हणत होतो, कशाला एवढी गच्च बसवायची? भागू, त्याने काम चोख केलं होतं म्हणून ती निघत नव्हती. ती मला अडवत होती आणि मी तिच्यावर चिडलो होतो.

चाक साफ करून परत बसवलं. पिन नव्हती. कपिलचं गॅरेज आमच्या घरापासून तीनशे पावलांवर. गेलो असतो तर त्याने डबीतून एक पिन काढून तशीच दिली असती. पण मग तो विचारणार, "तात्या, घरी खोलली का?" आणि अमृतला कळणार. म्हणून टोमॅटोच्या बांधणीची तार घेतली. दोन पदरी केली, भोकातून काढली आणि पीळ दिला. दिसायला झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळ्यांनी गाडीला हात जोडले. मीही जोडले, तार कुठे आहे हे माहीत असून.

इथे मी आधी लिहिलं होतं की नंतर विसरलो. ते खोडलं. विसरलो नव्हतो. रोज आठवायचं, आणि रोज म्हणायचो, उद्या आणू. त्या रविवारी ठमा मागे बसली, पदर खोचला, अमृतने किक मारली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तोंड उघडलं होतं, भागू. सांगणार होतो, जरा थांब, ब्रेक हळू मार. पण अमृत परत हसेल म्हणून तोंड मिटलं. माझ्या बायकोचा हात मी एका हसण्यासाठी मोडला.

गाडी टेम्पोतून घरी आली तेव्हा सगळे दवाखान्यात होते. मीच एकटा घरी होतो. तारेचा एक तुकडा भोकात लोंबत होता. तो मी काढला आणि टोमॅटोच्या वावरात टाकून दिला. तिथे तसले शेकडो तुकडे पडलेले असतात.

दवाखान्यात अमृतने विचारलं, "ब्रेक कुनी खोलला व्हता?" मी म्हणालो, जुलैमध्ये कपिलने केला होता. त्यात शब्दही खोटा नव्हता. हाच तर माझा कावा. मग त्या एका वाक्यावर सगळं गाव चढलं, आणि मला कुणी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. कपिलचं नाव निघालं आणि सगळ्यांना ते पटलं. एवढ्या पटकन का पटलं, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी ते माहीत असून त्याच्या आड लपलो.

आणि वर तुला लिहिलं, पोरांच्या हातून होतं, मी माफ केलं. तुझं ते उपकाराचं पत्र मी घरात कुणाला दाखवलं नाही.

आता मी काय करू? कपिलला तू सांग. त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही. आणि जमलं तर हे तुझ्यामाझ्यात राहू दे. ठमाला आणि अमृतला कळलं तर मला या घरात बसता येणार नाही. मी कपिलला दुसरीकडे जागा बघून देईन, ओळखीने काम मिळवून देईन, म्हणशील ते करीन.

चांगदेव

पेठ
१७ जानेवारी २०२५

चांगदेव,

तुझं पत्र सोबत परत पाठवत आहे. उभ्या जन्मात मी दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडलं नाही, आणि माझ्या नावाचं परत केलं नाही. हे पहिलं. याच्यावर माझं नाव आहे, पण ते माझ्यासाठी नाही.

कपिलचं नाव तुमच्या गावात चार माणसांत गेलं. तू मला एकट्याला, पाकिटात घालून, चिकटवून लिहितोस आणि म्हणतोस, तुझ्यामाझ्यात राहू दे. मग त्याला काय मिळालं? सकाळी डेअरीवर सगळं गाव दूध घालायला येतं. तिथे हे पत्र उभं राहून वाच. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मधलं काही गाळू नकोस. तारेचं नको आणि शेवटी मला जी विनवणी केलीस तीही नको.

तुला वाटेल भागू रागावला. रागावलो आहेच. पण त्याहून एक वाईट गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

पोरगा मला सांगत होता, मी पिन घातली. त्याच्या हातची कामं मी पाहिली आहेत, तो एक स्क्रू सैल सोडत नाही. तरी मी त्याचं ऐकलं नाही. का? तू माझा मित्र आहेस, हे एक. दुसरं लिहायला हात उठत नाही. तुम्ही म्हणालात चूक आमची, तर असेल आमची, असं मानायची सवय माझ्या हाडात कुठेतरी उरली होती. मला वाटत होतं ती मी केव्हाच टाकली. घरी बाबासाहेबांचा फोटो, भाषणं मी करतो, पोरांना सांगतो कुणापुढे वाकायचं नाही. कपिलला लहानपणी कडेवर घेऊन मीच शिकवलं ते. आणि मीच त्याला तुझ्या घरी वाकायला पाठवला, ज्याने काही केलं नाही त्याला.

तुला मी माफ करायचं की नाही, ते नंतर बघू. आधी मला माझं निस्तरायचं आहे. मी उद्या चाकणला जातो.

भागुजी

पिंपरी पेंढार
२ फेब्रुवारी २०२५

भागू,

वाचलं.

दहा दिवस पत्र बंडीच्या खिशात घेऊन डेअरीवर जात होतो आणि तसाच परत येत होतो. शेवटी आधी घरी वाचलं. घरी वाचल्याशिवाय गावात वाचणं म्हणजे ठमाला दुसऱ्याच्या तोंडून कळणार. अमृत आणि आरती समोर बसले होते. वाचून झाल्यावर अमृत उठला. मग म्हणाला, "तुमी नाव सांगितलं म्हनून मी बोललो. तात्या, मी त्याच्या आईवरनं बोललोय." आणि बाहेर निघून गेला. तो आईवरून बोलला होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

ठमा हातावरचा पट्टा बघत राहिली. तिने हाताचं काहीच काढलं नाही. म्हणाली, "त्या पोराला मी आसू दे म्हनले. काय आसू द्यायचं व्हतं त्याचं? तुमी तिथंच उभे व्हते." आज तीन दिवस झाले, माझ्याशी बोलणं नाही. ताट आरती वाढते.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेलो. वीस-पंचवीस माणसं होती. डेअरीवाला भगवंत मशिनवर दुधाचं फॅट मोजत होता. मी म्हणालो, जरा दोन मिनिटं, मला एक वाचायचं आहे. कुणाला वाटलं सोसायटीची नोटीस आहे. वाचायला लागलो. दोनदा थांबलो, पण गाळलं काही नाही. तुला केलेली विनवणीही वाचली. तिथे मान वर झाली नाही.

वाचून झालं आणि मी उभा राहिलो. मला वाटलं होतं आता कुणीतरी थुंकेल. नाहीतर निदान शिवी तरी देईल.

भगवंत म्हणाला, "आवो तात्या, व्हतं असं कधी. घरचंच मानूस व्हतं, काय मुद्दाम केलं का?" कुंडलिक म्हणाला, "आमी बी समदं तारंवरच चालवतो, आपलं नशीब म्हनायचं." दोघं-तिघं हसले. एकाने माझ्या हातात चहा दिला. एक म्हातारा म्हणाला, कबूल करायला लई मोठं मन लागतं. कॅनचा आवाज परत सुरू झाला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पत्र वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात त्यांनी मला माफ करून टाकलं.

मी विचारलं, आणि कपिल? भगवंत म्हणाला, "त्याचं काय, चाकणला लागला की तो. बरंच झालं त्याचं."

भागू, माझी चूक खरी होती. ती चहाच्या एका कपात मिटली. त्याची चूक नव्हतीच, आणि तिच्यासाठी त्याचं शटर पडलं. मी तिथे तो चहा प्यायलो. कप खाली ठेवायला हवा होता, ठेवला नाही. हेही तुला सांगितलं पाहिजे म्हणून लिहितो.

अमृत चाकणला जाऊन आला. कंपनीच्या गेटवर तीन तास उभा होता. कपिल बाहेर आला, त्याने अमृतचं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि बसमध्ये चढला.

मला त्याला भेटायचं आहे. तू सांगशील तिथे, सांगशील तेव्हा येतो. त्याच्यासमोर मी वाकायला तयार आहे. खरोखर तयार आहे. तो फक्त हो म्हणू दे.

चांगदेव

पेठ
२१ मार्च २०२५

चांगदेव,

जय भीम. उत्तराला उशीर झाला, कारण मला स्वतःला काही कळत नव्हतं. चाकणला जाऊन मी कपिलची माफी मागितली, त्याने ती अजून दिलेली नाही.

तुझं पत्र कपिलला वाचायला दिलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं. माझ्या कानाशी न येता, समोर बसून पाटीवर लिहून दिलं, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक व्हायला नको. तसंच उतरवून पाठवतो.

"त्यांना येऊ नका म्हणा. ते माझ्यापुढे वाकले तर मी वाकलो होतो ते भरून निघत नाही. त्यांना बरं वाटेल, मला काही नाही. ठमाकाकूंच्या हाताचं ऐकून वाईट वाटलं, तेवढं कळवा. पिंपरीला मी गॅरेज उघडणार नाही."

त्याखाली सही केली आहे, पूर्ण नावाने. मी त्याला काही सुचवलं नाही. एकदा सुचवलं, तेवढं पुष्कळ झालं.

वाचून तुला लागेल. मलाही लागलं. कारण तुला म्हणून लिहिलेलं हे उत्तर निम्मं माझं आहे. तू त्याला बळी दिलास हे खरं, पण हाताला धरून त्याला तुझ्या पायरीपर्यंत आणणारा मी होतो. तू परका तरी होतास.

आता पुढचं. चाकण त्याने सोडलं. इथे पेठला हायवेच्या कडेला पत्र्याची एक टपरी मिळाली आहे, तिथे काम सुरू केलं. ट्रकवाले, वाटेने जाणारे अनोळखी लोक, यांच्या गाड्या येतात. ओळखीचं गिऱ्हाईक त्याला नको आहे असं दिसतं. काम कमी आहे, पण आहे. जानकाबाई त्याच्याबरोबर राहायला आली. तिने माझ्याशी बोलायला सुरुवात केली, कामापुरती.

मी रोज सकाळी चहा झाला की टपरीवर जातो. बाहेर एक जुनी सीट ठेवली आहे, तिच्यावर बसतो. मला ऐकू येत नाही, तो काय करतो ते बघत बसतो. अजून तो मला काका म्हणत नाही. पण उठवत नाही, बसू देतो.

भागुजी